अर्ध्यावर आणायचे, पण कुठून?

बुलढाणा जिल्ह्याच्या मेहकर तालुक्यात डोणगाव हे मोठे गाव. मेहकरहून वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावकडे जाणारा जुना रस्ता इथूनच जातो. नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर यांच्यामधली वाहतूक वर्षानुवर्षे याच रस्त्याने चालली. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा सुरू झाला आणि मेहकर तालुक्याला दुसरा, अगदी वेगळ्या जातीचा रस्ता मिळाला. जुन्या रस्त्यावर एसटी, सोयाबीन भरलेले ट्रॅक्टर, एकाच दुचाकीवर बसलेले तिघे, शाळा सुटलेली पोरे आणि रस्ता ओलांडणारी गुरे, सगळी एकत्र. समृद्धीवर सहा मार्गिका, दोन्ही बाजूंना कुंपण, दुचाकीला आणि तीनचाकीला बंदी, मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा. माणसे दोन्हीकडे मरतात, पण वेगवेगळ्या कारणांनी, आणि मरणारी माणसेही वेगळी असतात.

देशात रस्ते अपघातांतले मृत्यू घटताहेत की वाढताहेत, याचे उत्तर दिल्लीत छापले जाते. केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालय दरवर्षी अहवाल काढते. २०२३ सालासाठी त्यात ४,८०,५८३ अपघात आणि १,७२,८९० मृत्यू नोंदले आहेत. छपाई दिल्लीची असली, तरी आकड्याचा जन्म डोणगावसारख्या पोलीस ठाण्यात होतो. तपास अंमलदार एकेक मृत्यू कागदावर घेतो, त्याची बेरीज जिल्ह्यात होते, मग राज्यात, मग देशात. म्हणून प्रगती मोजायची तर आधी हा कागद नीट पाहायला हवा.

समजा, संध्याकाळी मेहकरहून गावाकडे परतणाऱ्या दुचाकीला टेम्पोने मागून धडक दिली. १०८ ची रुग्णवाहिका जखमीला मेहकरच्या सरकारी रुग्णालयात नेते. तिथे एमएलसीची, म्हणजे वैद्यकीय-कायदेशीर प्रकरणाची, नोंद होते. मार डोक्याला असेल तर पुढे अकोल्याचे सर्वोपचार रुग्णालय नाहीतर संभाजीनगरचे घाटी रुग्णालय. इकडे ठाण्यात नातेवाइकाची फिर्याद घेऊन गुन्हा दाखल होतो. दोन पंचांसमक्ष घटनास्थळाचा पंचनामा होतो: रस्ता किती फूट रुंद, टायर घासल्याची खूण कुठून कुठवर, काचांचा सडा कोणत्या बाजूला, दुचाकी डांबरावर पडली की साइडपट्टीच्या खाली, जवळचा किलोमीटरचा दगड कोणता. २०२१ पासून यात मोबाइलची भर पडली. मद्रास आयआयटीने तयार केलेली आणि राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने, म्हणजे एनआयसीने, राबवलेली 'आयरॅड' ही प्रणाली पहिल्या फेरीत ज्या सहा राज्यांत आली त्यांत महाराष्ट्र होता. अंमलदार जागेवरूनच ॲपमध्ये ठिकाण, छायाचित्रे आणि रस्त्याची स्थिती भरतो. वाहनाची तपासणी आरटीओकडे, रस्त्याची बांधकाम खात्याकडे आणि जखमांची नोंद आरोग्य खात्याकडे जाते. याच प्रणालीचे पुढचे रूप म्हणजे 'ई-डार'.

इथवर नोंद 'गंभीर जखमी' अशी आहे. नवव्या दिवशी तो जखमी अकोल्यात दगावला, तर काय होते? रुग्णालय ज्या ठाण्याच्या हद्दीत आहे तिथे अकस्मात मृत्यूची नोंद होते. मरणोत्तर पंचनामा आणि शवविच्छेदन होते. ते कागद डोणगावला येतात, तेव्हा मूळ गुन्ह्यात कलम वाढवले जाते. पूर्वी ते भारतीय दंड विधानाचे ३०४-अ होते, जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे १०६ आहे. त्याच वेळी कोणीतरी आठवणीने ॲपमधली नोंदही बदलायला हवी: जखमींच्या रकान्यातून एक वजा, मृतांच्या रकान्यात एक अधिक. कागद उशिरा आले, तोवर वर्ष उलटले, किंवा खर्च झेपेना म्हणून घरच्यांनी जखमीला सही देऊन घरी आणले आणि तो घरातच गेला, तर हा 'एक' कोणत्याच बेरजेत न येण्याची शक्यता राहते.

यासाठीच जगभर एक व्याख्या ठरली आहे. अपघातानंतर ३० दिवसांच्या आत त्याच दुखापतीने झालेला मृत्यू हा रस्ते अपघाताचा मृत्यू. भारतही हीच व्याख्या मानतो. व्याख्येने किती फरक पडतो, हे जपानकडे पाहून कळते. जपानी पोलीस पूर्वापार २४ तासांत झालेले मृत्यू जाहीर करतात आणि अलीकडच्या काही दशकांत ३० दिवसांचा आकडाही वेगळा देतात. २०२२ साली २४ तासांचा आकडा होता २,६१०, आणि ३० दिवसांचा ३,२१६. देश तोच, रस्ते तेच, वर्षही तेच. मोजणी कधी थांबवली एवढ्यावर सहाशे माणसांचा फरक पडला. जिथे मोठे रुग्णालय शे-दीडशे किलोमीटरवर आहे आणि जखमी एका जिल्ह्यातून दुसऱ्यात जातो, तिथे या ३० दिवसांचा पाठपुरावा ठाण्यातल्या एका हवालदाराच्या चिकाटीवर अवलंबून असतो. त्याच्यावर इतर पन्नास गुन्ह्यांचा तपासही असतो, हे विसरून चालणार नाही.

तरीही अपघातासंबंधीच्या सगळ्या आकड्यांत मृत्यूचा आकडाच सर्वांत भरवशाचा. त्याचे कारण अगदी व्यावहारिक आहे. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात भरपाई मागायची तर फिर्याद, पंचनामा आणि शवविच्छेदन अहवाल लागतो, म्हणून घरचे लोकच नोंदीचा आग्रह धरतात. किरकोळ दुखापतीचे मात्र जागच्या जागी मिटवले जाते. 'एकूण अपघात' हा आकडा म्हणूनच फसवा ठरतो, आणि त्याचा सर्वांत बोलका पुरावा महाराष्ट्राच्याच नोंदींत आहे.

२०१५ साली महाराष्ट्रात ६३,८०५ अपघातांची नोंद झाली. पुढच्याच वर्षी ती ३९,८७८ वर आली आणि २०२३ मध्ये ३५,२४३ होती. नुसते हे तीन आकडे मांडले तर कोणीही म्हणेल की राज्याने आठ वर्षांत अपघात जवळजवळ निम्मे केले. आता त्याच वर्षांचे मृत्यू पाहा: २०१५ मध्ये १३,२१२, २०१६ मध्ये १२,९३५ आणि २०२३ मध्ये १५,३६६. म्हणजे २०१५ मध्ये दर शंभर अपघातांमागे एकवीस माणसे दगावत होती, २०२३ मध्ये चव्वेचाळीस. एका वर्षात चोवीस हजार अपघात कमी होण्यासारखे रस्त्यांवर काही घडले नव्हते. बदल बहुधा नोंदवहीत झाला: किरकोळ अपघात लिहिले जाणे कमी झाले. मृत्यूचा रकाना मात्र असा आक्रसत नाही. म्हणून कोणत्याही मंत्र्याने वा अधिकाऱ्याने 'अपघात घटले' असे सांगितले, की वाचकाने पुढचा प्रश्न विचारावा: मृत्यू किती?

मृत्यूचा आकडाही एकच नसतो, ही पुढची अडचण. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग गृह मंत्रालयाखाली येतो. तोही रस्ते अपघातांतले मृत्यू दरवर्षी छापतो, आणि त्याचाही स्रोत पोलीसच. २०२२ साठी वाहतूक मंत्रालय १,६८,४९१ म्हणते, तर हा विभाग १,७१,१००. २०२१ मध्ये मंत्रालयाचा आकडा १,५३,९७२ होता आणि विभागाचा १,५५,६२२. शिवाय जुने आकडे नंतर सुधारलेही जातात. २०१९ साठी मंत्रालयाने प्रथम १,५१,११३ मृत्यू सांगितले होते. २०२२ च्या अहवालात त्याच वर्षापुढे १,५८,९८४ छापले गेले. साडेसात हजारांहून अधिक माणसे मागाहून बेरजेत आली. सुधारणा होणे चांगलेच, पण जुन्या अहवालातला आकडा नव्या अहवालातल्या आकड्याशेजारी ठेवून 'वाढ' किंवा 'घट' काढणाऱ्याची त्यात फसगत ठरलेली.

पोलिसांच्या वहीबाहेर किती मृत्यू राहतात, हे शोधण्याचा एक भक्कम प्रयत्न भारतात झाला. रजिस्ट्रार जनरल यांच्या नमुना नोंदणी पद्धतीच्या आधारे अकरा लाख घरांत जाऊन प्रशिक्षित प्रगणकांनी विचारले: घरात कोण गेले, कधी, कसे? त्या उत्तरांवरून डॉक्टरांनी मृत्यूचे कारण ठरवले. 'मिलियन डेथ स्टडी' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या कामावर आधारलेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार २००५ साली भारतात सुमारे १,८३,६०० माणसे रस्त्यांवर मेली. हा आकडा पोलिसांच्या आकड्यापेक्षा बराच मोठा होता. घरच्या माणसांना मृत्यू आठवत होता, वहीला आठवत नव्हता.

जागतिक आरोग्य संघटनेचे अंदाजही असेच वरचे असतात. २०१६ साली भारताने १,५०,७८५ मृत्यू कळवले, संघटनेने अंदाज दिला २,९९,०९१. २०२१ साठी सरकारी आकडा १,५३,९७२ आणि संघटनेचा २,१६,६१८. या दोन अंदाजांची वजाबाकी करून 'पाच वर्षांत भारतात ८२ हजार मृत्यू घटले' असे कोणी म्हणेल, तर ते चूक ठरेल, कारण दर अहवालागणिक संघटनेची गणिती पद्धत आणि तिच्या हाती असलेली माहिती बदलत जाते. तेव्हा संघटनेच्या एकाच अहवालातली मालिका आपापसांत ताडून पाहावी, सरकारी मालिका तिच्यापुरती, आणि दोन्हींची सरमिसळ करू नये.

आकडा हाती आला तरी भागत नाही, कारण तो कशाने तरी भागायचा असतो. भाजक कोणता घ्यायचा, यावर अख्खे चित्र पालटते.

१९७० साली भारतात रस्ते अपघातांत सुमारे १४,५०० मृत्यू झाले. नोंदणीकृत वाहने होती जेमतेम १४ लाख. म्हणजे दर दहा हजार वाहनांमागे १०३ मृत्यू. २०१९ पर्यंत वाहने २९ कोटींच्या वर गेली आणि हे प्रमाण पाचाच्या आसपास उतरले. या मापाने देशाने वीसपट प्रगती केली. आता भाजक बदलू. दर लाख लोकसंख्येमागे १९७० मध्ये पावणेतीनच्या आतबाहेर मृत्यू होते, आज ते बाराच्या वर आहेत. या मापाने देश चौपटीहून अधिक घसरला. माणसे तीच, मृत्यू तेच, निष्कर्ष मात्र एकमेकांच्या अगदी विरुद्ध.

वाहनांमागचे प्रमाण घटत जाणार, हे ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ आर. जे. स्मीड यांनी १९४९ मध्येच दाखवले होते. अनेक देशांची आकडेवारी घेऊन त्यांनी मांडले की वाहने वाढतात तसे दर वाहनामागचे मृत्यू घटतात, कुणी विशेष काही केले नाही तरी. म्हणजे सरकारने हातावर हात ठेवून बसायचे ठरवले असते तरी १०३ चे पाच होण्याकडेच कल राहिला असता. त्यात आपल्याकडे नोंदणीकृत वाहनांच्या संख्येत भंगारात गेलेल्या गाड्याही राहून जातात. दिल्ली आयआयटीचे दिवंगत प्राध्यापक दिनेश मोहन हे आयुष्यभर सांगत राहिले, की प्रत्यक्ष रस्त्यावर फिरणारी वाहने कागदावरच्या वाहनांपेक्षा खूपच कमी आहेत. भाजक फुगला की भागाकार आपोआप लहान दिसतो. वाहनांमागचे मृत्यू हे राष्ट्रीय प्रगतीचे माप म्हणून वापरणे आता थांबवायलाच हवे.

लोकसंख्येचा भाजक त्याहून बरा. संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांतही ३.६ या लक्ष्यासाठी हेच माप आहे. पण २०११ नंतर देशात जनगणना झालेली नाही, त्यामुळे गेल्या दशकभराचे सगळे प्रमाण अंदाजित लोकसंख्येवर उभे आहे. राष्ट्रीय पातळीवर त्याने फारसे बिघडत नाही. जिल्ह्यावर उतरले की मात्र हे माप कोलमडते, आणि ते कसे, हे बुलढाण्याने एका रात्रीत पाहिले.

१ जुलै २०२३. मध्यरात्र उलटून गेली होती. नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस सिंदखेडराजाजवळ पिंपळखुट्याच्या शिवारात समृद्धीवर खांबाला आणि दुभाजकाला धडकून उलटली आणि पेटली. दार खाली दबले होते. २५ प्रवासी जळून गेले, आठ जण वाचले. बुलढाणा जिल्ह्याची २०११ ची लोकसंख्या २५,८६,२५८. म्हणजे त्या एका अपघाताने जिल्ह्याच्या दर लाखामागच्या मृत्युदरात जवळजवळ एकाची भर घातली. मृतांपैकी बहुतेक नागपूर, वर्धा, यवतमाळकडचे होते. ती माणसे बुलढाण्याच्या लोकसंख्येत कधी मोजलीच गेली नव्हती, पण त्यांचे मृत्यू बुलढाण्याच्या रकान्यात आले. अंश एका प्रदेशाचा आणि छेद दुसऱ्याचा, असा हा भागाकार. ज्या जिल्ह्यातून परगावची वाहतूक नुसती निघून जाते, तिथे लोकसंख्येवरून जिल्ह्याला नापास ठरवणे अन्यायाचे आहे. तसेच उलटेही: जुन्या रस्त्यावरची जड वाहने समृद्धीवर गेली आणि डोणगावातून जाणारा रस्ता थोडा मोकळा झाला, तर तिथली घट पोलीस वा बांधकाम खात्याच्या कामगिरीची म्हणता येणार नाही.

इथे योग्य भाजक म्हणजे वाहनांनी प्रत्यक्ष कापलेले अंतर. अमेरिकेत तो अनेक दशकांपासून वापरात आहे. भारतात सर्व रस्त्यांसाठी तो मोजणे अवघड, पण समृद्धीवर मुळीच अवघड नाही. या महामार्गावर टोल अंतराप्रमाणे घेतला जातो: गाडी कोणत्या इंटरचेंजवर आत आली आणि कोणत्यावर बाहेर पडली, हे फास्टॅगने नोंदले जाते. त्यावरून दर महिन्याला किती कोटी वाहन-किलोमीटर झाले, हे काढता येते, तेही मोटार, बस आणि मालट्रक यांचे वेगवेगळे. महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाने ते दरमहा जाहीर करावे. मग समृद्धीवर अपघात जास्त होतात की फक्त वर्दळ वाढली आहे, या वादाला टीव्हीवरच्या चर्चेऐवजी उत्तर मिळेल.

महामंडळाच्याच जुन्या रस्त्यावर मोजून काम केल्याचा दाखला आहे. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर २०१६ साली १५१ माणसे दगावली. त्या वर्षापासून सेव्हलाइफ फाउंडेशन ही स्वयंसेवी संस्था, महामंडळ आणि महामार्ग पोलीस यांनी मिळून प्रत्येक प्राणघातक अपघाताची जागा तपासली. उघडे खांब आणि काँक्रीटच्या कडा झाकल्या, दुभाजकाच्या फटी बुजवल्या, कडेला थांबलेले ट्रक हटवले, रुग्णवाहिका कुठे उभ्या राहाव्यात ते ठरवले. २०२३ पर्यंत मृत्यू ६५ वर आले. २०२४ मध्ये पुन्हा ९० झाले. ही वाढ दुःखद आहे, पण तिच्यावरून सगळी मोहीम फसली असे म्हणणे घाईचे होईल. शंभराच्या आतल्या संख्या एखाद-दुसऱ्या बसच्या अपघातानेही वरखाली होतात. एकाच वर्षावरून ना पाठ थोपटावी, ना कान धरावा. तीन वर्षांची सरासरी पाहिली तर दिशा दिसते. राष्ट्रीय महामार्गांवरचा 'ब्लॅक स्पॉट'ही असाच ठरतो: साधारण ५०० मीटरच्या तुकड्यात तीन वर्षांत मृत्यू वा गंभीर दुखापतीचे पाच अपघात, किंवा दहा मृत्यू.

मात्र ब्लॅक स्पॉटची वाट पाहणे म्हणजे दहा माणसे मरेपर्यंत थांबणे. मृत्यू मोजण्याचा मूळ दोषच हा, की तो मागाहून कळतो. त्यासाठी मधली मापे लागतात. २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये जगातल्या देशांनी बारा ऐच्छिक लक्ष्ये मान्य केली, त्यांत हेल्मेटचा वापर शंभर टक्क्यांच्या जवळ नेणे आणि मर्यादेपेक्षा वेगाने जाणाऱ्यांचे प्रमाण निम्मे करणे ही दोन आहेत. भारत सरकारचा अहवाल सांगतो की २०२२ मध्ये हेल्मेट न घातलेले ५०,०२९ जण दगावले. हा आकडा हळहळ वाटायला लावतो, पण प्रगती सांगत नाही. त्यासाठी रस्त्यावर शंभरातले किती जण हेल्मेट घालतात, हे ठाऊक हवे. मुंबई आणि पुण्यात ब्लूमबर्ग रस्ता सुरक्षा उपक्रमाखाली निरीक्षकांनी चौकात उभे राहून अशी मोजणी केली आहे. डोणगावच्या बसथांब्यापाशी एखाद्या महाविद्यालयाची मुले दर तीन महिन्यांनी, ठरलेल्या दिवशी आणि ठरलेल्या वेळी तासभर उभी राहिली, तरी तालुक्याला स्वतःचे माप मिळेल. खर्च एका वहीचा.

सरकारच्या त्याच अहवालात २०२२ च्या ७१ टक्के मृत्यूंचे कारण 'अतिवेग' असे दिले आहे. पण पंचनाम्याच्या जागी वेग मोजण्याचे साधन नसते. फॉर्ममध्ये कारणाचा रकाना भरायचा असतो आणि 'भरधाव वेगाने, हयगयीने' हे शब्द फिर्यादीत ठरलेले असतात. वळणावर फलक नव्हता, साइडपट्टी फूटभर खचली होती, गावाच्या तोंडाशी दिवे नव्हते, ही कारणे त्या रकान्यात क्वचित पोहोचतात. २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्यात कलम १९८-अ आले. सदोष रस्त्यामुळे मृत्यू झाला तर ठेकेदाराला किंवा संबंधित यंत्रणेला एक लाखापर्यंत दंड करण्याची त्यात तरतूद आहे. पण नोंदच जर चालकापाशी थांबत असेल, तर हे कलम लागणार कशावर?

कोण मरते, हेही मापाचा भाग व्हायला हवे. २०२२ च्या मृतांपैकी ४४.५ टक्के दुचाकीस्वार होते आणि १९.५ टक्के पादचारी. तीनातले जवळजवळ दोन जीव कोणत्याही पत्र्याच्या आडोशाविना गेले. दिनेश मोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे म्हणणे होते की पादचाऱ्यांचा खरा वाटा सरकारी आकड्याहून बराच मोठा आहे. एखाद्या देशाने एअरबॅग सक्तीच्या केल्या, द्रुतगती मार्ग बांधले आणि मोटारीतले मृत्यू घटवले, पण मेहकर–मालेगाव रस्त्यावर शेतातून चालत घरी येणारी बाई पूर्वीइतकीच असुरक्षित राहिली, तर एकूण बेरीज थोडी घटेलही. त्या घटीला प्रगती म्हणताना मन धजावत नाही.

मन घट्ट करून एक तुलना करायला हवी. १९७० साली जपानमध्ये १६,७६५ माणसे रस्त्यावर मेली, भारतात १४,५००. दोन देश जवळजवळ बरोबरीने उभे होते, आणि वाहने तर जपानमध्ये कितीतरी पट अधिक होती. त्याच वर्षी जपानने वाहतूक सुरक्षेचा मूलभूत कायदा केला आणि १९७१ पासून पंचवार्षिक योजना आखायला सुरुवात केली. २०२२ मध्ये जपान २,६१० वर होता आणि भारत १,६८,४९१ वर. जपानचा आकडा २४ तासांचा आहे, ३० दिवसांचा धरला तरी ३,२१६. स्वीडनच्या संसदेने १९९७ मध्ये 'व्हिजन झिरो', म्हणजे रस्त्यावर एकही मृत्यू होऊ न देण्याचे ध्येय, स्वीकारले, त्याच्या सत्तावीस वर्षे आधी जपान कामाला लागला होता. मृत्यू हे विकासाचे अटळ मोल आहे, असे मानणाऱ्यांनी हे आकडे एकदा शेजारी शेजारी लिहून पाहावेत.

भारतात दबाव आला तो मुख्यतः न्यायालयातून. कोइमतूरचे अस्थिशल्यविशारद डॉ. एस. राजशेखरन यांनी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, आणि २०१४ मध्ये न्यायालयाने न्या. के. एस. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली रस्ता सुरक्षा समिती नेमली. समितीने राज्यांना दरवर्षी किमान दहा टक्के घट करायला सांगितले. महाराष्ट्र या लक्ष्याच्या सर्वांत जवळ आला २०२० मध्ये: १२,७८८ वरून ११,५६९, म्हणजे साडेनऊ टक्के घट. ते टाळेबंदीचे वर्ष होते. पुढच्या वर्षी १३,५२८ आणि त्याच्या पुढच्या वर्षी १५,२२४ मृत्यू झाले.

टाळेबंदीची सावली आता जागतिक लक्ष्यावरही आहे. संयुक्त राष्ट्रांनी २०२१ ते २०३० हे रस्ता सुरक्षेसाठी कृतीचे दुसरे दशक ठरवले आणि दशकाअखेर मृत्यू निम्म्यावर आणायचे लक्ष्य दिले. पहिल्या दशकाचा अनुभव उत्साहवर्धक नव्हता: जगातले मृत्यू २०१० मधल्या साडेबारा लाखांवरून २०२१ मध्ये ११ लाख ९० हजारांवर आले, म्हणजे जेमतेम पाच टक्के घट; निम्मी घट साधली ती दहाच देशांनी. भारतासाठी २०२१ चा १,५३,९७२ हा पाया धरला तर २०३० मध्ये आकडा ७६,९८६ च्या आत हवा. २०१९ च्या सुधारित आकड्याचा पाया धरला तर सुमारे अडीच हजार अधिक मृत्यू 'चालतील'. म्हणून पाया कोणता, हे आजच जाहीर व्हायला हवे, २०३० मध्ये नव्हे.

गणित दर वर्षी कठीण होत चालले आहे. २०२३ च्या १,७२,८९० वरून ७६,९८६ गाठायला सात वर्षे दरसाल सुमारे ११ टक्के घट लागत होती. प्रत्यक्षात २०२४ मध्ये मृत्यू वाढून १ लाख ७७ हजारांवर गेले. केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी डिसेंबर २०२४ मध्ये लोकसभेत अपघात कमी होण्याऐवजी वाढले, अशी स्पष्ट कबुली दिली. २०२४ च्या आकड्यावरून निघायचे तर उरलेल्या सहा वर्षांत दरसाल १३ टक्के घट लागते: पहिल्याच वर्षी देशभरात सुमारे २३ हजार जीव, महाराष्ट्रात जवळपास दोन हजार. राष्ट्रीय आणि राज्य महामार्ग मिळून देशाच्या रस्त्यांचा विसावा भाग आहेत आणि तिथे साठ टक्के मृत्यू होतात, त्यामुळे शोधायचे कुठे हेही माहीत आहे. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा रस्ता सुरक्षा समितीची बैठक होते. वर्षाच्या सुरुवातीच्या बैठकीत ठाणेनिहाय यादी मांडता येईल: डोणगावच्या हद्दीत गेल्या तीन वर्षांत कोणत्या दोन किलोमीटरच्या दगडांदरम्यान किती गेले, त्यांत पायी किती, दुचाकीवर किती, रुग्णालयात दगावलेले किती, आणि या वर्षी तिथे काय बदलणार. त्यासाठी लागणारी बरीचशी माहिती ई-डारमध्ये आधीच भरलेली आहे.